वाचायची काच

पिंप्राळ्यातला तो चष्मेवाला नवा चष्मा देताना प्रत्येकाला सांगतो, "हळूहळू सवय होईल." बोलताना तो समोर बघत नाही, फडक्याने काच पुसत राहतो. अमळनेरची माझी मावशी त्याच्याकडचा नवा चष्मा लावून जिन्यावरून पडता पडता वाचली, म्हणून मी तिला परत त्याच्याकडे नेलं.

ती म्हणाली, "भाऊ, माले पायरी नीट दिखत नही."

त्याने आधी बाकीच्या गिऱ्हाइकांकडे पाहिलं. मग चष्मा निरखून हळूच म्हणाला, "अक्का, खालची वाचायची काच जरा वर बसलीय. बदलून देतो, पण बाहेर बोलू नका."

आम्ही निघालो तेव्हा एक म्हातारे गृहस्थ नवा चष्मा लावून, भिंतीला धरून दुकानाच्या पायऱ्या उतरत होते. मी त्यांचा हात धरला. "आबा, परत आत चला."