भाऊसाहेबांचा कमोड

सन २०२३. माझं वय एकाहत्तर. खुब्याच्या ऑपरेशनला नऊ दिवस झालेले अन् तेव्हापासून पोट साफ नाही. वॉकर धरून मी भाऊसाहेबांच्या बंगल्याच्या पायरीशी उभा. वहिनी दारात आडव्या.

"आज नको बाबा. पाव्हणे आलेत."

"वहिनी, लय जोरात आली हो."

आतून भाऊसाहेबांचा आवाज आला. "त्याले म्हणा, वावरात जाय. जलमभर कुठी जात होता?"

पाहुणे हसले. मीही हसलो. त्या हसण्याची लाज अजून जात नाही.

याच माणसाच्या गोठ्यावर टिनपत्रे बसवताना मी पडलो. बुलढाण्याच्या दवाखान्यात खुब्यात रॉड टाकला. सिस्टर म्हणाली, "बाबा, उकिडवं बसायचं नाही. कमोडच पाहिजे. या गोळ्यांनी पोट धरतं. पाणी प्या, पपई खा, हे औषध घ्या, थोडं थोडं चाला."

भाऊसाहेब खाटेजवळच होते. अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असं बोलले, "आमच्याकडं कमोड हाये ना! रोज येत जाय. घर तुहंच हाये."

माझे डोळे भरून आले.

वॉर्डात भांडं द्यायचे. इतक्या माणसांत, पडदा नाही. मी नको म्हणालो. पाणी कमी केलं, जेवण अर्धं केलं. म्हटलं, घरी गेल्यावर भाऊसाहेबांकडं जाऊ. पोटाचा दगड झाला, पण भरवसा होता. चाळीस वर्षं त्या घरी राबलो. त्या संडासाचा खड्डा मीच खोदला होता, मुरमात, एकट्यानं. माझा चहाचा गिलास ओसरीच्या बाहेरच्या अंगाच्या कोनाड्यात, वेगळा. धुवायचाही मीच. पण मी सांगत फिरायचो, बंगल्यात माझा स्वतःचा गिलास आहे.

त्या दिवशी बंगल्यावरून घरी आलो, तोवर कळ जिरली होती. आमच्या संडासात खाली बसायचं भांडं. बायकोनं विचारलं, "काऊन परत आले?"

"पाव्हणे हायेत म्हणे."

"पाव्हणे उद्याबी राहतीन. तुमचं पोट थांबन का?" तिनं औषधाची बाटली अन् पाण्याचा तांब्या पुढं आदळला. "नऊ दिवस इज्जतीपायी पाणी नाही पेले. त्याईनं ठेवली का इज्जत?"

तांब्या रिकामा केला. औषध घेतलं. दिवसभर पाणी पीत अंगणात वॉकर ओढत राहिलो.

भाऊसाहेबांनी मला बसायला प्लास्टिकची खुर्ची पाठवली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीत विळा लाल केला अन् तिच्या बैठकीला मधोमध भोक पाडलं. बायकोनं ती आमच्या संडासाच्या भांड्यावर ठेवली अन् दाबून पाहिली. मी बसलो. घाम फुटला, डोळ्यापुढं अंधारी आली. पण झालं. माझ्या घरात झालं.

हात धुतले. बायकोला सोबत घेऊन बंगल्यावर गेलो. कोनाड्यातला गिलास घेतला. ती पायरी चढलो, चाळीस वर्षांत पहिल्यांदा. पाहुण्यांचा चहा चालला होता. त्यांच्या कपांमध्ये माझा गिलास ठेवला.

"हे काय बे?" भाऊसाहेब म्हणाले.

"हा आता तुम्ही धुवा," मी म्हणालो. "मी येणार नाही."