कसलं ऑइल?

एकलहऱ्याच्या वीज केंद्रात फिटर असलेल्या धोंडीरामने १९७८ साली जुनी काळी हंबर मोटार घेतली, तेव्हा वसाहतीत कुणालाच ते शहाणपणाचं वाटलं नाही. गाडी पंचवीस वर्षांची. नाशकातल्या एका दिवंगत वकिलाच्या शेडमध्ये ती विटांवर उभी होती आणि मागच्या सीटच्या कातड्यात उंदरांनी संसार थाटला होता. सायकलवरून कामाला जाणाऱ्याने असला हत्ती दारात बांधावा, याचं लोकांना हसू येई. रविवारी बादली घेऊन निघालेल्या नवऱ्याला विमलाबाई विचारायची, "झाली का सवतीची अंघोळ?"

हत्ती कशासाठी, हे मात्र तिला माहीत होतं. धोंडीरामचं गाव लासलगावच्या अलीकडे. १९६२ साली धाकटा भाऊ झुंबर याची वरात घोड्यावरून निघाली. वेशीत पारावरची माणसं उठून आडवी झाली. काठी कुणी उगारली नाही, नुसतं विचारलं, "घोडं कुणाला शोभतं रे?" लगाम धोंडीरामच्या हातात होता. भावाला तोच म्हणाला, "उतर, झुंबर." नवरदेव उतरला आणि बौद्धवाड्यापर्यंत चालत गेला. झुंबरने त्याबद्दल पुढे कधी चकार शब्द काढला नाही. धोंडीरामच्या कानातून मात्र स्वतःचा तो शब्द गेला नाही. झुंबरच्या पोराची वरात त्याच वेशीतून निघेल आणि कुणी खाली उतरणार नाही, एवढंच त्याला करायचं होतं.

हंबरने त्याला सुखाने झोपू दिलं नाही. उन्हाळ्यात पाणी उकळे, पावसाळ्यात दिवे रुसत. ब्रेकची रबरं मिळेनात, म्हणून तो मुंबईच्या चोरबाजारात खेटे घाली आणि दुसऱ्याच कुठल्या गाडीची रबरं घासून बसवी. पहिला गिअर तर दांडा हाताने धरून ठेवला नाही की उडायचा. नाशिकरोडचा मिस्त्री यादव एकदा वैतागून म्हणाला, "धोंडीभाऊ, ही गाडी नाही, आजारी म्हातारी आहे. हिला घरात ठेवा, रस्त्यावर आणू नका."

"एक वरात काढू दे तिला," धोंडीराम म्हणाला.

ती १९८३च्या उन्हाळ्यात निघाली. झुंबरचा मुलगा नाथा याचं लग्न निफाडकडच्या मुलीशी ठरलं. रात्रपाळी करून धोंडीराम सकाळी गाडी घेऊन गावी पोचला आणि तासभर आडवा झाला. डोळे मिटता मिटता भावाला म्हणाला, "पायाखालचा पत्रा उचलला की ब्रेकची डबी दिसंल. ऑइल कमी असंल तर टाक."

झुंबरने डिकी उघडली. तिथे इंजिन ऑइलचा मोठा डबा होता. ब्रेक ऑइलची छोटी बाटली सीटखाली होती. ते ऑइल वेगळं असतं, हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. शेतातल्या इंजिनाला जे घालतात तेच हे, असं समजून त्याने डबी काठोकाठ भरली आणि झाकण धोतराच्या सोग्याने पुसून लावलं.

लग्न लागलं. नवरा-नवरीला घेऊन परतताना गाडी जड चालू लागली. इंजिन ऑइलने ब्रेकची रबरं फुगतात आणि ब्रेक आपोआप आवळत जातात. धोंडीरामला वाटलं, ऊन आहे, माणसं जास्त आहेत. नेमकी वेशीत गाडी थांबली ती हलेना. चारी चाकांतून जळका वास येऊ लागला. पारावर जुने-नवे चेहरे होतेच.

"काय धोंडीबा, विलायती घोडं अडलं का?"

"उतरवा नवरदेवाला! पायाची सवय हाय तुम्हाला!"

नाथा खिडकीतून बापाला म्हणाला, "नाना, चालत जाऊ ना. लांब का हाय?"

"उतरायचं नाय," झुंबर म्हणाला. तो भावाकडे बघत होता. वीस वर्षांत त्याने एवढंच मागितलं.

धोंडीराम पाना घेऊन गाडीखाली शिरला. चाकामागचा नट ढिला करताच दाबलेलं ऑइल हातावर उडालं. त्याने ते बोटांत चोळलं, हुंगलं आणि त्याला सगळं कळलं. वर झुंबर वाकून सांगत होता, "डबी मी फुल केली होती, दादा!"

"बरं केलंस," धोंडीराम म्हणाला.

असं ऑइल काढून चारी चाकं त्याने मोकळी केली. चाकं फिरू लागली, पण आता ब्रेक उरला नव्हता. पुढे उताराची गल्ली, तिच्या टोकाला विहिरीचा दगडी कठडा आणि अलीकडे बौद्धवाड्याचं वळण. पहिल्या गिअरमध्ये सावकाश जाईल, असा त्याने हिशेब केला. उतरा म्हणायला तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात हलगी कडाडली आणि झुंबर गाडीपुढे नाचू लागला. लग्नातसुद्धा न नाचणारा माणूस.

वेस ओलांडली. पारावर कुणी हसलं नाही. उताराला लागल्यावर डाव्या हाताने गिअर धरावा, उजव्याने स्टिअरिंग. हँडब्रेकला तिसरा हात नव्हता. गल्लीच्या मध्यावर त्याने गिअर सोडून हँडब्रेक ओढला. तो जळालेल्या चाकांवर नुसता घसरला आणि गिअर उडाला. धोंडीरामने हॉर्न दाबून धरला, ओरडला. वरातीत हॉर्न वाजणारच. लोक आणखी जोरात नाचले. बाजूची माणसं शेवटच्या क्षणी सरकली. झुंबर गाडीकडे पाठ करून, दोन्ही हात वर करून नाचत होता.

गाडी कठड्यावर आदळली आणि मध्ये त्याचा एक पाय चिरडला. नाशिकच्या दवाखान्यात तो मांडीपासून कापला. नवरा-नवरीला खरचटलंसुद्धा नाही. ड्रायव्हर प्यायलेला होता, असं गावात बोललं गेलं. धोंडीरामने आयुष्यात थेंब घेतला नव्हता; त्याने ते खोडून काढलं नाही. हंबर पोलीस चौकीच्या आवारात गंजून गेली.

दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर झुंबरने विचारलं, "दादा, कशानं झालं? ऑइल तर मी भरलं होतं."

"भरलं होतंस. गाडीच जुनी."

झुंबरने मान हलवली. "पण उतरलं नाय कुणी," तो म्हणाला आणि भिंतीकडे वळला.

त्यानंतर वीज केंद्रात कुणी "ऑइल दे" म्हटलं की धोंडीराम विचारायचा, "कसलं?" समोर एकच पिंप असलं तरी विचारायचा. पोरांनी त्याचं नावच 'कसलं' पाडलं. तो त्या नावाला ओ देई.