डिस्कचा दुसरा भाग

"काका, पोरगी तर चांगली शिकेल आहे तुमची. मंग विंडोज काढून हे लिनक्स काहून टाकून ठेवलं?"

नंदनवन भागातून आलेला कॉम्प्युटर दुरुस्तीवाला बाबांना विचारत होता. चहा गाळता गाळता मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. उत्तर मी द्यायला हवं होतं, पण बाबाच म्हणाले, "विंडोज भल्ला स्लो झाला होता गा. तिनं चालू तर केला."

चालू केला होता, हे खरं. पण निवृत्तीनंतर बाबा वस्तीतल्या लग्नपत्रिका आणि विहाराच्या सूचना टाइप करून देतात, त्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये. लिनक्सवर त्यांच्या फायली उघडल्या की जोडाक्षरं फुटायची. दोन महिने रोज संध्याकाळी मी काही ना काही करून पाहिलं. बाबा मागे खुर्ची ओढून बसायचे. मग कागद घेऊन हातानेच लिहायला लागायचे. शेवटी मीच म्हटलं, विंडोज टाकून घ्या. मला आता फक्त झोपायचं होतं.

लिनक्स टाकताना मी डिस्कचे दोन भाग केले होते, आणि माझं लेखन आता दुसऱ्या भागात हलवून ठेवलं होतं. विंडोज टाकताना पुसला जाईल तो पहिला भाग, दुसऱ्याला कोणी हात लावणार नाही, असं मी धरून चालले होते. तीन वर्षांचं लेखन, सगळं मराठीत. शाळा इंग्रजी, मैत्रिणींशी बोलणं हिंदीत. मी मराठीत लिहिते हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. पेनड्राइव्हवर घेतलं नाही, कारण घरातला पेनड्राइव्ह सगळ्यांचाच.

चहा घेऊन बाहेर आले तेव्हा पडद्यावर डिस्कच्या भागांची यादी होती. लिनक्सने आखलेला भाग विंडोजला वाचताच येत नाही, हे मला तेव्हा कळलं. दुसऱ्या भागापुढे सगळीच्या सगळी जागा मोकळी दिसत होती.

"हे पाहा काका, अर्धी डिस्क खालीच पडून आहे. हा भाग उडवून सगळी एकच करून देऊ? तुम्हाले जागा होईल."

"कर ना बाप्पा," बाबा म्हणाले. "आपलं काय आहे त्याच्यात?"

त्याने माउस सरकवला. मी बोलले तर बाबा काय आहे ते विचारणार. मग वाचायला मागणार, आणि ते कुठलाही मजकूर मोठ्यानेच वाचतात. चहाचा ट्रे अजून माझ्याच हातात होता.

"थांबा," मी म्हटलं. "ते रिकामं नाही. माझं लिहिलेलं आहे त्यात. मराठीत."