टेलरकाकूंचा पियानो

टेलरकाकूंच्या घरात पियानो नाही, कधी नव्हता, आणि सात जन्मांत त्या तो वाजवणार नाहीत. तरी त्यांच्या घराच्या नकाशात पियानो आहे. तो तिथे कसा आला हे सांगायचं तर आधी वन्संचं सांगावं लागतं.

वन्सं म्हणजे काकूंची नणंद, यजमानांची थोरली बहीण. हयात इस्पितळात नर्स म्हणून गेली, लग्न केलं नाही, राहायला इस्पितळाचंच क्वार्टर. बाई तोंडाने फटकळ. काकू नव्या नवरी असताना त्यांनी मोठ्या हौसेने वन्संचा गणवेश शिवला. तो घालून वन्सं सलाईनची बाटली अडकवायला गेल्या तर हात वर होईना, आणि जोर केला तशी काखेत शिवण टरकन उसवली. सैल करून द्यावा म्हटलं तर आत कापडच सोडलेलं नव्हतं. शिवणीच्या आत दुमडून ठेवलेल्या त्या जादा कापडाला माया म्हणतात. वन्संनी गणवेश काकूंच्या पुढ्यात टाकला आणि चारचौघांत म्हणाल्या, "तुझ्या शिवणात माया नाही गं."

बोलून त्या मोकळ्या झाल्या. काकूंच्या मात्र ते असं जिव्हारी लागलं की त्यानंतर त्यांच्या हातून माया न सोडलेला कपडा बाहेर पडला नाही. गिऱ्हाईक कितीही सुटलं तरी काकूंचा कपडा त्याला पुरतो, अशी त्यांची ख्याती झाली. पण वन्संशी वैर धरावं तर तेही जमेना. काकूंची मुलगी जन्मली ती अशक्त, काचेच्या पेटीत होती. तेव्हा आपली ड्यूटी संपवून वन्सं त्या पेटीशी स्टूल टाकून बसायच्या, पोर घरी येईपर्यंत. असल्या माणसाला जीव लावावा की त्याची धास्ती घ्यावी हे काकूंना कधीच ठरवता आलं नाही, म्हणून त्या दोन्ही करत आल्या.

आता वन्सं निवृत्त झाल्या, क्वार्टर सोडायची वेळ आली. भावाने घरी ये म्हटलं, तर म्हणाल्या, तुमच्या बाहेरच्या खोलीत पथारी पसरून मी पडणार नाही. अडगळच व्हायचं तर वृद्धाश्रम काय वाईट. नुसत्या बोलल्या नाहीत, दोन ठिकाणी चौकशीही करून आल्या. काकूंना ते सहन होईना. घराला लागून वन्संसाठी वेगळी खोली काढायची, तिचा नकाशा त्यांच्यापुढे ठेवायचा आणि त्यांच्या तोंडून होकार काढायचा, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं.

ठेकेदार म्हणाला, तुम्हाला काय हवं ते काढून आणा, मी उभं करतो. काकूंनी लगेच ब्राउन पेपर अंथरून खोली बेतायला घेतली. मुलीने परगावाहून फोनवर सांगितलं की आई, माझा जुना लॅपटॉप घरीच आहे, त्यावर कर, फुकटची सॉफ्टवेअर मिळतात. "फुकट ते पौष्टिक," म्हणून यजमानही चष्मा लावून शेजारी येऊन बसले. त्यांची मदत तेवढीच.

पहिलं सॉफ्टवेअर नुसतं नटवं होतं. पडदे काय, झुंबर काय, काकू हरखून गेल्या. सगळं मांडून झाल्यावर नकाशा जपून ठेवायला बटण दाबलं, तर ते कार्डाचा नंबर मागायला लागलं. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं, असं यजमान म्हणाले. दाबा म्हणणारेही तेच होते. दुसरं खरोखर फुकट होतं, पण त्याला शहाणपण फार. काकूंच्या घराची कुंपणभिंत जरा तिरपी आहे. काकू ती तिरपी काढायच्या, हे ती गपकन सरळ करायचं. पुन्हा तिरपी, पुन्हा सरळ. कापड तिरकं असेल तर ते तिरकं धरूनच बेतावं लागतं, हे ज्याला कळत नाही त्याच्या हातात आपण कात्री देणार नाही, असं म्हणून काकूंनी ते काढून टाकलं.

तिसरं दिसायला अगदीच दळभद्री होतं. करडा पडदा, बारीक बटणं, झुंबराचं नाव नाही. पण ते तिरप्या भिंतीला तिरपी म्हणत होतं, माप इंचात घेत होतं आणि भिंतीला जाडी देत होतं. वर त्यात एक सूर्य होता. तो सरकवला की सकाळपासून संध्याकाळपर्यंत कुठल्या खोलीत किती उजेड येतो ते दिसायचं. काकूंचं याच्याशी जमलं.

त्यांनी पलंग मांडला आणि त्याच्याभोवती माया सोडली. कपाट मांडलं, त्याच्यापुढे माया. वन्संना हात वर करून गोल फिरता आलं पाहिजे, म्हणून मधोमध माया. मग त्यांनी जुनं घरही हुबेहूब काढलं. शिवणाच्या खोलीत आपलं पायाचं शिलाई मशीन दाखवायचं होतं, पण त्या फुकटच्या सामानात मशीन कुठलं असायला? मापाला जवळ आणि सोबत बसायला स्टूल, असा एक पियानोच सापडला. काकूंनी तो खिडकीशी ठेवला आणि सूर्य सरकवला.

नवी खोली उजळून निघाली. शिवणाची खोली काळी ती काळीच राहिली. मायेपायी फुगलेली वन्संची खोली काकूंच्या एकुलत्या एका खिडकीसमोर येऊन उभी राहिली होती. ज्या उजेडात त्यांनी जन्मभर सुईत दोरा ओवला, तो उजेड गेला होता. खोली अरुंद करणं त्यांच्या हातात होतं, पण वन्संना पुन्हा एकदा तंग शिवून द्यायचं त्यांच्या जिवावर आलं. दिवा लावून शिवू, असं त्या यजमानांना म्हणाल्या आणि वन्संना ताकास तूर लागू द्यायची नाही, अशी त्यांना ताकीद दिली.

रविवारी वन्सं आल्या. नकाशा बघून चांगलं म्हणाल्या नाहीत, वाईटही म्हणाल्या नाहीत, म्हणजे आवडला असावा. काकूंच्या हातातला माउस घेऊन त्या सूर्य इकडून तिकडे फिरवत बसल्या. मग एकदम थांबल्या.

"हा काळा चौकोन कशाचा?"

"अडगळीची खोली, वन्सं."

"अडगळीत पियानो?"

यजमान छताकडे बघू लागले. वन्संनी नाक पडद्याला टेकेपर्यंत वाकून पाहिलं.

"पायाने चालवायचाच ना हा?" त्यांनी विचारलं. काकूंनी मान खाली घातली, तेव्हा वन्संना काय ते कळलं. काकूंना वाटलं, आता या उठतात, पिशवी घेतात आणि वृद्धाश्रमाला पैसे भरून येतात. वन्सं उठल्या नाहीत. त्यांनी माउस काकूंच्या हातात परत दिला.

"खोली अंगाला सैल होतेय. आत घे."

"अहो पण वन्सं, अडचण होईल तुम्हाला."

"घे म्हणते ना. तुझी माया फार झालीय, टेलरबाई."

तो जुना गणवेश वन्संना आठवत होता की नाही, कोण जाणे. काकूंना आठवत होता. त्यांना समोरचं नीट दिसेना, म्हणून भिंत आत घेताना हात दोनदा चुकला. वन्सं घे अजून, घे अजून म्हणत राहिल्या. काळ्या चौकोनात आधी उजेडाची रेघ आली, मग पियानोचं स्टूल दिसू लागलं, मग पियानो.

"बस," वन्सं म्हणाल्या. "बाहेर जागा उरतेय ती तशीच ठेव. तुझ्या हातचं खाऊन सुटले, तर तेव्हा उसवू."

पुढे कामाला सुरुवात झाली त्या दिवशी गवंड्याने नकाशा उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, की दार एवढं अरुंद, मग हा पियानो आत न्यायचा कसा? वन्सं आपली ट्रंक घेऊन फाटकातून आत येत होत्या.

"तो आधीपासून आतच आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही फक्त खिडकी सांभाळा."