तोंडात पाणी धरून आणलेली गौर

यंदा गौर आणायची नाही, असं मी ठरवून टाकलं होतं. अर्धांगाचा झटका आल्यापासून आईची वाचा गेली होती, उजवा हातही गेला होता. त्याहून वाईट म्हणजे तिने खाणं जवळजवळ सोडलं होतं. गिळायला काही अडचण नाही, असं डॉक्टर म्हणत. पण अशीच खाईना झाली तर नाकातून नळी घालावी लागेल, हेही त्यांनी सांगून ठेवलं होतं. तिला बोलतं करायचं मी फारच मनावर घेतलं होतं. पेला हातात धरून बसायचे आणि म्हणायचे, "आई, पाणी म्हण. पा... णी. म्हण, मग देते." आई ओठ घट्ट मिटून भिंतीकडे तोंड फिरवायची. जिने जन्मभर देवीची ओटी भरली तिची ही गत, म्हणून माझं देवीशी भांडण होतं. देवापुढचा दिवासुद्धा मी रागारागाने लावायचे.

आमच्याकडे खड्यांची गौर असते. मूळचे आम्ही कोकणातले, पण मी वाढले जोगेश्वरीच्या चाळीत. गणपती बसले की गौरी येण्याच्या दिवशी चाळीतल्या सगळ्या मुली विहिरीवर जायच्या. तोंडात पाण्याची चूळ धरायची, विहिरीजवळचे सात खडे ताम्हनात घ्यायचे आणि घर येईपर्यंत अवाक्षर काढायचं नाही, मागे वळून बघायचं नाही. पुढे कुणीतरी चमच्याने ताटली वाजवत चालायचं. मुलगे वाटेत उभे राहून "ए, वेणी सुटली बघ तुझी!" म्हणून ओरडायचे. मेल्यांना दुसरा उद्योग नव्हता. दारोदारी आया दूधपाणी घेऊन उभ्या असायच्या. त्या लेकीच्या पायांवर ते घालायच्या, कपाळाला कुंकू लावायच्या आणि मग गौर आत घ्यायच्या. त्या दिवशी सगळ्या चाळीत एकच नैवेद्य, पालेभाजी आणि भाकरी.

एकेक करून मुली सासरी गेल्या. माझं लग्न झालं नाही, त्यामुळे पन्नाशी उलटली तरी घरातली कुमारिका मीच! "देवी काय जन्मदाखला मागते?" असं म्हणून आई दरवर्षी माझ्या हातात ताम्हन द्यायची. पुढे चाळीच्या जागी टॉवर झाला आणि आम्ही समोरच्या इमारतीत राहायला आलो. विहीर मात्र त्यांनी बुजवली नाही. टॉवरच्या पार्किंगमागे ती जाळीखाली आहे, बाजूला एक नळ आहे.

गौरी येण्याच्या दिवशी सकाळी आईने पेजेचा चमचा डाव्या हाताने उडवून लावला. मला रडू फुटलं. दिवसभर आईजवळ असणारी सुमन म्हणाली, "ताई, तुम्ही जरा बाहेर जाऊन या. मी बघते आजींकडे." मी ताम्हन उचललं. खरं सांगायचं तर श्रद्धेने नाही, घराबाहेर पडायला निमित्त हवं होतं म्हणून.

आत जाताना कुणी हटकलं नाही. खडे घेतले, नळाच्या पाण्याची चूळ धरली आणि परत निघाले, तर फाटकावर नवा वॉचमन आडवा आला. "मॅडम, हातात काय आहे? कुठल्या विंगचे तुम्ही?" मी मानेने, डोळ्यांनी सांगायला लागले. तो आवाज चढवून म्हणाला, "बोला ना! बोलता येत नाय काय?" गाडीतून उतरलेले एक गृहस्थ म्हणाले, "ऐकू येत नसेल रे तिला." मग तो माझ्या तोंडाजवळ येऊन एकेक शब्द तोडून विचारू लागला, "ना... व... काय?" मला सगळं कळत होतं, सगळं सांगायचं होतं, आणि तो मला दोन वर्षांचं पोर समजून बोलत होता. संतापाने माझे डोळे भरून आले. आणि तिथेच, त्या फाटकात, मला माझी आई दिसली.

तेवढ्यात पाठीमागून एका बाईचा आवाज आला. "अरे बाबा, गौर घेऊन चाललीय ती. तोंडात पाणी आहे तिच्या. वाट सोड." तो ओशाळून बाजूला झाला. "चल गं बाई," आवाज म्हणाला, "मागे बघू नको. मी आहे मागे." मग स्टीलच्या डब्यावर किल्ली आपटल्यासारखा टिणटिण आवाज सुरू झाला. रिक्षांच्या गर्दीतून रस्ता ओलांडला, आमचं फाटक आलं, तोवर तो आवाज पाठीशी होता. लिफ्टपाशी तो थांबला. वळून बघायची मला मुभा नव्हती. गौर बसवल्यावर गॅलरीतून वाकून पाहिलं, तर खाली नेहमीचीच रहदारी होती. कोण होती ती, मला आजही ठाऊक नाही.

मी खुणेने सांगितलं तसं सुमनने दारात माझ्या पायांवर दूधपाणी घातलं. कुंकू लावायला तिने करंडा उघडला, तर खुर्चीतून आईने डावा हात पुढे केला. मी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले. डाव्या हाताचा नेम चुकला, कुंकू कपाळाऐवजी भुवईवर लागलं. मला बोलता येत नव्हतं, तिलाही येत नव्हतं. किती दिवसांनी ती माझ्याकडे पाहत होती.

संध्याकाळी नैवेद्याची भाकरी पालेभाजीत मऊ कुस्करून मी तिच्याजवळ नेली. काही म्हण, असं म्हटलं नाही. नुसता घास पुढे धरला. आईने तोंड उघडलं. सावकाश, मधेमधे थांबत, तिने वाटी संपवली आणि भाकरीच्या टोपलीकडे बोट दाखवलं.

आईला वाचा आलेली नाही. येईल की नाही, ते देवी जाणे. त्या रात्री गौरीपुढे हात जोडले. एरवी माझं मागणं आरतीपेक्षा लांब असतं. त्या दिवशी मागायला काही सुचेना. मी तशीच गप्प बसून राहिले, आणि देवीला सगळं कळतंय असं वाटलं.