काकांचं पिंप

वरच्या मजल्यावरचे काका आमच्या लालबागच्या चाळीच्या गच्चीवर निळ्या पिंपात चिलापी मासे पाळतात. कॉलेजातून आलो की मी तिथे डोकावतोच. खाणं चिमूटभरच. "जास्त टाकलं की पाणी सडतं रे." सोमवारी तेही नाही. "आपला उपवास, मग त्यांचाही!" पिंपातलं जुनं पाणी ते शेजारच्या काकूंच्या मिरच्यांच्या कुंड्यांना घालतात.

त्याच काकूंनी वासाची तक्रार केली. चाळीच्या रविवारच्या बैठकीत पिंप हलवायला लावतील, अशी मला धास्ती होती. काका भांडले नाहीत. त्यांनी सकाळीच पहिल्या माशांचं कालवण पातेलंभर काकूंकडे पाठवलं.

काकू बैठकीत पातेलं घेऊनच आल्या. रिकामं कसं परत करणार? आत कुंडीतल्या मिरच्या होत्या.

"पुढच्या कालवणात घाला, भावजी."