काका जागा झोपून बघतात
राजापूरच्या बाजारात नेहमी भेटणाऱ्या काकांचं नाव मला अजून माहीत नाही, पण माणूस कसला भारी आहे! त्यांच्या बागेत मला माझी व्हॅन मेपर्यंत लावायची होती. राहायचं, झोपायचं तिच्यातच, म्हणजे जागा चुकली की झोपेचं खोबरं. मी समुद्राकडची कड दाखवली, तर काका टोपी काढून तिथे चक्क आडवे झाले.

"नको गो बाय, डोकं खाली जातंय."

मग माडाखाली झोपले आणि वर बघून ताडकन उठले.

"काका, अशाने संध्याकाळ होईल!"

"मग? झोपणार कोण, तू की तुझी गाडी?"

शेवटी काजूखाली आडवे झाले. "इथे कसं वाटतंय?" मी विचारलं, तर काका घोरत होते! मी व्हॅन आणून शेजारी लावली, तरी उठले नाहीत.